दडपणातला खेळ : मानसिक कणखरपणाचा सराव

मानसिक कणखरपणा म्हणजे मोक्याच्या क्षणी दडपण असूनही आपला नेहमीचा खेळ करता येणे, आणि खेळ बिघडलाच तर त्यातून वेळेत सावरता येणे. पहिल्या भागाचा संबंध सामन्यातल्या काही सेकंदांशी असतो. दुसऱ्याचा संबंध पराभव, दुखापत, निवड चाचणीत डावलले जाणे अशा आठवडे-महिने चालणाऱ्या काळाशी असतो. दोन्ही गोष्टी शिकवता येतात आणि सरावाने वाढतात. तरीही आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर आणि तालमींत दम, ताकद आणि तंत्र यांचे वेळापत्रक असते, मनाच्या तयारीचे नसते. मुलगा सामन्यात हबकला की 'त्याच्यात जिगरच नाही' असा शिक्का मारला जातो आणि विषय संपतो. हा शिक्का चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगले खेळाडू वाया जातात.

कणखर खेळाडूला भीती वाटतच नाही, हा या विषयातला सर्वांत जुना गैरसमज. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी पोटात कालवाकालव होत होती, काही खाल्ले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता, असे त्याने सामन्यानंतर सांगितले. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून केलेल्या नेमबाजीनंतर तो सहावा होता, झोपून केलेल्या नेमबाजीनंतर पाचवा, आणि उभ्याने नेम धरताना वर सरकत तो तिसरा आला. पोटातला गोळा गेला म्हणून पदक मिळाले असे झाले नाही. तो गोळा असतानाही श्वास आणि पुढची गोळी यांवर लक्ष टिकले. प्रशिक्षण द्यायचे असते ते याचे.

खेळ ऐन वेळी का बिघडतो

निर्णायक सामन्यात शरीर धोका ओळखल्यासारखे वागते. अॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, खांदे आणि मनगटे आखडतात, नजरेचा पट्टा अरुंद होतो. यातले बरेचसे उपयोगाचेही असते. धावपटूला, मल्लाला, कबड्डीतल्या चढाईपटूला ही उसळी लागतेच. नेमबाज, तिरंदाज किंवा बुद्धिबळपटू यांना मात्र तीच उसळी थोडी जास्त झाली तरी बाधते. म्हणून 'शांत राहा' हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. कोणत्या खेळाडूचा खेळ किती चढलेल्या अवस्थेत सर्वांत चांगला होतो, हे त्याच्या मागच्या चांगल्या आणि वाईट सामन्यांच्या नोंदींवरूनच कळते.

खरी पडझड होते ती लक्ष भरकटल्यामुळे, आणि ते दोन दिशांना भरकटते. एक दिशा परिणामांची: हरलो तर निवड होईल का, क्रीडा गुणांचे काय, घरचे काय म्हणतील. दुसरी दिशा अधिक फसवी असते. खेळाडू घाबरून स्वतःच्याच हालचालीवर पहारा बसवतो. हजारो वेळा घोटलेला फटका आपोआप होत असतो. त्याचे सुटे भाग मनात मोजू लागले की तो मोडतो. सियान बाइलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गोल्फपटूंवर केलेल्या अभ्यासांत हेच दिसले की, मुरलेल्या खेळाडूने ऐन वेळी आपल्या तंत्राकडे बारकाईने पाहिले तर त्याची कामगिरी खालावते. नवशिक्याचे तसे होत नाही, त्याला तंत्राकडे पाहावेच लागते.

याचा सरळ अर्थ असा की, महत्त्वाच्या सामन्यात सीमारेषेवरून 'कोपर वर घे, पाय वाकव' असे ओरडणारा प्रशिक्षक कसलेल्या खेळाडूला कच खायला भाग पाडतो. त्या वेळी सूचना द्यायचीच तर ती लक्ष्याची असावी, अवयवांची नसावी. 'मनगट वळव' म्हणण्याऐवजी 'शटल मागच्या कोपऱ्यात' हे सांगणे केव्हाही चांगले.

कणखरपणा कशाचा बनतो

मानसशास्त्रज्ञ सुझान कोबासा यांनी १९७९ मध्ये ताणाखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. ताण असूनही आजारी न पडणाऱ्यांमध्ये त्यांना तीन गोष्टी आढळल्या: हाती घेतलेल्या कामात जीव ओतणे, परिस्थितीवर आपला काही ताबा आहे असे वाटणे, आणि बदलाकडे धोका म्हणून न पाहता आव्हान म्हणून पाहणे. पुढे २००२ मध्ये पीटर क्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाच्या संदर्भात त्यांत आत्मविश्वासाची भर घातली.

या चारांपैकी आत्मविश्वासाबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते आणि त्याचीच सर्वांत जास्त गल्लत होते. भिंतीवरची घोषवाक्ये आणि सामन्याआधीची जोशपूर्ण भाषणे यांतून मिळालेला विश्वास पहिल्या पाच मिनिटांत ओसरतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवून दिल्याप्रमाणे आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे ती गोष्ट आपण पूर्वी करून दाखवलेली असणे. म्हणून ज्या खेळाडूने मागे पडून सामना ओढून आणण्याचा सराव वीस वेळा केला आहे, त्यालाच एकविसाव्या वेळी आपण हे करू असे मनापासून वाटते. आत्मविश्वास वाढवायचा तर त्यासाठी प्रसंग निर्माण करावे लागतात.

दडपणाचा सराव

मानसिक तयारीचा हा सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सराव आणि सामना यांत एक मोठी दरी असते: सरावात चुकीची किंमत मोजावी लागत नाही. नेट्समध्ये तीनदा त्रिफळाचीत झालेला फलंदाज पुन्हा तितक्याच निवांतपणे उभा राहतो आणि वीस मिनिटे पुरी करतो. मग सामन्यात, जिथे पहिल्याच चुकीला तंबूत परतायचे असते, तिथे त्याचे पाय जड झाले तर नवल नाही. उपाय साधा आहे. आठवड्यातून एक दिवस, बाद झाला की त्याचे नेट संपले. दुसऱ्या दिवशीपर्यंत फलंदाजी नाही.

नेदरलँड्समधले संशोधक राउल आउडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेची तपासणी केली होती. काही लोकांना चढाईच्या भिंतीवर थोड्याच उंचीवर, म्हणजे सौम्य भीतीत, डार्ट फेकण्याचा सराव दिला. नंतर जास्त उंचीवर चाचणी घेतली तेव्हा, जमिनीवर निवांत सराव केलेल्यांची कामगिरी घसरली, सौम्य भीतीत सराव केलेल्यांची टिकली. सरावातली भीती सामन्याइतकी मोठी असण्याची गरज नाही, ती असण्याची गरज आहे. प्रशिक्षकांना दिलासा देणारी अशी ही गोष्ट आहे.

मोठ्या खेळाडूंनी हे आपापल्या बुद्धीने केलेले दिसते. १९९८ च्या चेन्नई कसोटीआधी शेन वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या खडबडीत जागेत चेंडू टाकणार हे ओळखून सचिन तेंडुलकरने लेग स्टंपबाहेरची खेळपट्टी मुद्दाम उकरून घेतली आणि लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथेच चेंडू टाकायला लावले. पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केले तरी ही तयारी वाया गेली नाही. दुसऱ्या डावात त्याने नाबाद १५५ धावा केल्या. अभिनव बिंद्राची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत तो सातवा आला. त्याच्या उभे राहण्याच्या जागेखालची फरशी सैल होती हे नंतर कळले. पुढच्या चार वर्षांत त्याने सैल फरशीवर उभे राहून नेम धरण्याचाही सराव केला, आणि बीजिंगला जाण्यापूर्वी जर्मनीत उंच खांबावर चढण्याची भीतिदायक कसरत पुरी केली. २००८ मध्ये अंतिम फेरीआधीच्या चाचणी गोळ्यांमध्ये रायफलीची साइट बिघडलेली आढळली, तेव्हा त्याने ती जुळवून घेतली. शेवटच्या गोळीआधी फिनलंडचा हेन्री हॅकिनेन त्याच्या बरोबरीत होता. बिंद्राने १०.८ गुणांचा नेम साधला आणि सुवर्णपदक जिंकले.

शाळेच्या किंवा तालुक्याच्या मैदानावर यासाठी पैसे लागत नाहीत. कबड्डीच्या सरावात शेवटची दहा मिनिटे, मुले थकलेली असताना, डाव असा मांडावा: दोन मिनिटे बाकी, संघ दोन गुणांनी मागे, मैदानात तीनच खेळाडू आणि चढाई तिसरी, म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. गुणफलक खरा लावावा, पंच बाहेरचा असावा, बाजूला बसलेल्या मुलांनी आरडाओरडा करावा. हरणाऱ्या संघाने मैदान आवरावे. बॅडमिंटनचा गेम १८-२० पासून सुरू करावा. गादीवरची कुस्ती दोन गुणांची पिछाडी आणि एक मिनिट शिल्लक या स्थितीतून लावावी, आणि त्या मिनिटात वस्तादांनी एक अक्षरही बोलू नये. तिरंदाजाने रोज सरावाला आल्या आल्या, अंग न तापवता, एकच बाण मारून त्याचे गुण वहीत लिहावेत. त्या एका बाणाला दिवसभराच्या शंभर बाणांपेक्षा जास्त भाव असतो.

हे सारे टप्प्याटप्प्याने वाढवायचे. आधी छोटी किंमत, मग प्रेक्षक, मग गैरसोयी: उशिरा सुरू झालेला सामना, ओले मैदान, पंचांचा मुद्दाम दिलेला चुकीचा निर्णय. आज दडपणाचा सराव आहे हे खेळाडूंना आधी सांगावे आणि संपल्यावर पाच मिनिटे त्यावर बोलावे, नाहीतर तो छळ वाटतो. तंत्र अजून पक्के न झालेल्या खेळाडूला यात ढकलू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तर खेळाची गोडी लागणे हेच पुरेसे. स्पर्धेच्या आदल्या तीन-चार दिवसांत हा सराव थांबवावा आणि खेळाडूला जमणाऱ्या गोष्टी करू द्याव्यात.

दडपण म्हणजे अपमान नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. शिव्या, चारचौघांत उतरवलेली लाज, छडी यांनी मूल कणखर होते हा समज अजून अनेक मैदानांवर जिवंत आहे. त्यातून तयार होते ते चूक लपवणारे, जोखीम टाळणारे आणि प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत खेळणारे मूल. आव्हान कामाचे असावे, माणसाच्या किमतीचे नसावे.

क्षण सांभाळण्याची साधने

सामन्यातल्या क्षणासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ठरलेला पूर्वक्रम, म्हणजे प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक नेम, प्रत्येक चढाई यांच्या आधीची तीच ती छोटी कृती. तो क्रम मनाला परिणामांकडे जाऊ देत नाही. व्हॉलीबॉलच्या सर्व्हिससाठी तो असा असू शकतो: चेंडू दोनदा आपटणे, एक लांब उच्छ्वास, समोरच्या कोर्टात चेंडू जिथे पडायला हवा त्या जागेवर नजर, मनात एक शब्द, आणि सर्व्हिस. चढाईपटूने मध्यरेषेपाशी आल्यावर श्वास सोडावा, बोनस घ्यायचा की डाव्या कोपऱ्याला लक्ष्य करायचे हे तिथेच ठरवावे, आणि रेषा ओलांडल्यावर निर्णय बदलू नये.

क्रम कोणता आहे यापेक्षा तो दर वेळी तसाच आणि तेवढ्याच वेळात होतो का, हे महत्त्वाचे. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी फुटबॉलमधल्या पेनल्टी शूटआउटचे शेकडो फटके तपासले. पंचांची शिट्टी वाजताच घाईने फटका मारणाऱ्या खेळाडूंना कमी यश मिळालेले त्यांना दिसले. घाई म्हणजे त्या प्रसंगातून सुटका करून घेण्याची धडपड असते. शिट्टीनंतरचा एक पूर्ण श्वास ही धडपड थांबवतो.

श्वासाचे तंत्र अवघड नाही. साधारण चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. मात्र हे सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करून काही साधत नाही. रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे, मग सरावातल्या विश्रांतीत, मग दडपणाच्या सरावात, असे ते मुरवावे लागते.

स्वतःशी बोलणे प्रत्येक खेळाडू करतोच, फक्त ते बहुधा नकळत आणि कडवट असते. 'काय मूर्ख आहेस', 'आज काही खरं नाही'. त्याजागी ठरवलेले दोन-तीन शब्द ठेवावेत. नाजूक कौशल्याच्या खेळात सूचना देणारे शब्द जास्त उपयोगी पडतात, जसे 'नजर चेंडूवर', 'खांदा सैल'. ताकद आणि दमाच्या खेळात चेतवणारे शब्द चालतात. आणखी एक बारीकशी गोष्ट अभ्यासांतून पुढे आली आहे: 'मी' असे न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून बोलले तर घालमेल कमी होते. आपल्याकडे कितीतरी माणसे संकटात स्वतःला नावाने दटावतात. खेळाडूने ते हेतूने करावे.

'जर-तर'ची तयारीही अशीच आधी करायची. जर पहिले दोन गुण गेले तर टॉवेल घ्यायचा, श्वास सोडायचा आणि पुढची सर्व्हिस शरीरावर करायची. जर पंचांचा निर्णय विरुद्ध गेला तर वळून रेषेपर्यंत चालत जायचे, तोंड उघडायचे नाही. जर पायात गोळा आला तर अमुक. अशी चार-पाच वाक्ये वहीत लिहून पाठ असली की ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

मनात सामना पाहण्याची पद्धत बहुतेकांना माहीत असते, पण खेळाडू नुसता विजय डोळ्यांसमोर आणतात. पाहायचे ते खऱ्या वेगाने, शक्य तर स्पर्धेच्याच गणवेशात उभे राहून, आणि त्यात एक चूक व तिच्यातून सावरणे हेही पाहायचे.

झोपेबद्दल थोडक्यात एवढेच की, किशोरवयीन मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेपाचला मैदान आणि रात्री दहापर्यंत क्लास या दिनक्रमात ती मिळत नाही, आणि अपुऱ्या झोपेने चिडचिडलेल्या मुलावर कोणतेही तंत्र चालत नाही.

पराभवानंतर

ध्येय फक्त निकालाचे असेल तर पराभव सारे काही हिरावून घेतो. म्हणून निकालाच्या ध्येयाशेजारी कामगिरीचे आणि कृतीचे ध्येय हवे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये अवघ्या ०.०५ सेकंदाने सुवर्णाला मुकला. पण त्याच शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. निकालाच्या हिशेबाने ती निसटती हार, वेळेच्या हिशेबाने तोवरची त्याची सर्वोत्तम धाव. पुढच्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले.

पराभवानंतर पहिला दिवस विश्लेषणासाठी नसतो. रडू येत असेल तर येऊ द्यावे. विसाव्यानंतर, साधारण एका दिवसाने, वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय जमले, काय फसले, आणि पुढच्या आठवड्यात त्यातले नेमके काय घोटायचे. 'अजून मेहनत करायला हवी' ही नोंद निरुपयोगी आहे. 'शेवटच्या पाच मिनिटांत पकडीला जाताना साखळी तुटत होती. मंगळवारी आणि गुरुवारी थकल्यावर साखळी पकडीचे दहा प्रयत्न' ही नोंद कामाची आहे.

संघालाही हाच नियम लागू आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला भारतीय क्रिकेट संघाचा डाव ३६ धावांत आटोपला आणि त्यानंतर कर्णधार विराट कोहली मायदेशी परतणार होता. अशा वेळी फलंदाजी वाढवून सुरक्षित होण्याचा मोह मोठा असतो. मेलबर्न कसोटीसाठी अजिंक्य रहाणेच्या संघाने उलट निर्णय घेतला: कोहलीच्या जागी रवींद्र जडेजाला घेऊन पाच गोलंदाज खेळवले. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १९५ वर संपला, रहाणेने ११२ धावा केल्या आणि २९ डिसेंबरला भारताने सामना आठ गडी राखून जिंकला. दहा दिवसांत कोणाचे तंत्र बदलत नाही. बदलला तो पराभवानंतरचा निर्णय, भीतीपोटी न घेतलेला.

सावरण्याचे काम कधी वर्षानुवर्षे चालते, आणि ते एकट्याचे नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांची कुस्ती लाल मातीतली होती; गादी आणि तिचे नियम नवे होते. ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी त्या नियमांची कुस्ती आत्मसात केली. १९५२ च्या हेलसिंकी वारीसाठी पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीचे कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यामागे खाशाबांची जिद्द होती तसेच त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले कोल्हापूरही होते.

दुखापतीच्या काळात हा आधार सर्वांत जास्त लागतो, कारण खेळाडूपासून त्याची रोजची ओळखच काढून घेतलेली असते. त्याला घरी बसवून ठेवू नये. सरावाला बोलावून गुणलेखन, व्हिडिओ पाहणे, लहान मुलांना शिकवणे असे काम द्यावे. पुनर्वसनाचीही छोटी ध्येये असावीत: या आठवड्यात गुडघा एवढा वाकला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. त्यानंतर त्यांनी पोहणे हाती घेतले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकले.

प्रशिक्षक आणि पालक

डेव्हिड फ्लेचर आणि मुस्तफा सरकार यांनी २०१२ मध्ये बारा ऑलिंपिक विजेत्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्या विजेत्यांच्या सावरण्याच्या क्षमतेत सकारात्मक स्वभाव, प्रेरणा, आत्मविश्वास आणि एकाग्रता यांच्याबरोबर आधाराची जाणीव हाही एक घटक होता. याच संशोधकांनी नंतर मांडले की, आव्हान आणि आधार दोन्ही भरपूर असतील तिथेच कणखर खेळाडू तयार होतात. नुसत्या आव्हानाने माणूस पिळवटून निघतो, नुसत्या आधाराने सुस्तावतो. आपल्या मैदानांवर आव्हानाची कमतरता क्वचितच असते. कमी पडतो तो आधार.

आधार म्हणजे गोंजारणे नव्हे. चूक स्पष्ट सांगणे, ती सुधारण्याची रीत दाखवणे, आणि हरल्यावरही उद्या तुझी जागा इथे आहे हे वागणुकीतून कळू देणे म्हणजे आधार. कौतुकही नेमके असावे. 'छान खेळलास' यापेक्षा 'चार गुणांनी मागे असतानाही सर्व्हिसची घाई केली नाहीस' हे मुलाच्या जास्त काळ लक्षात राहते आणि पुन्हा करावेसे वाटते.

पालकांची परीक्षा सामन्यानंतर घरी परतताना होते. हरलेल्या मुलाला त्या तासाभरात सल्ला नको असतो. 'एवढा खर्च केला', 'शेजारच्यांचा मुलगा बघ', 'मी तुला सांगितलं होतं' ही वाक्ये तर कायमची हद्दपार करावीत. भूक लागली का, हे विचारावे. सामन्याबद्दल बोलायचे की नाही हे मुलाने ठरवावे. क्रीडा गुण, नोकरीतले आरक्षण, शिष्यवृत्ती यांचे महत्त्व खरे आहे, अनेक घरांसाठी ते फार मोठे आहे. त्याची चर्चा मुलाशी हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोकळेपणाने करावी, आणि सामन्याच्या सकाळी तिची आठवण करून देऊ नये.

कणखरपणाची मर्यादा

काही त्रास सरावाने जात नाहीत आणि ते सोसत खेळत राहणे हा कणखरपणा नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ टिकलेली उदासी, झोप किंवा भूक उडणे, आवडता खेळ नकोसा होणे, मैदानावर पाऊल ठेवताच धाप लागून घाबरे होणे, वजनाचा किंवा खाण्याचा ध्यास, स्वतःला इजा करण्याचे विचार ही वैद्यकीय मदतीची लक्षणे आहेत. वजनी गटांच्या खेळांत खाण्याशी झगडा हा शिस्तीच्या नावाखाली लपतो, तिथे विशेष लक्ष ठेवावे. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत असताना शरीराच्या स्थितीचे भान राहीनासे झाले, तेव्हा ती बहुतेक अंतिम फेऱ्यांतून बाहेर पडली. तिच्यावर टीका झाली. हवेत भान हरपलेल्या जिम्नॅस्टला मान मोडण्याचा धोका असतो, त्यामुळे तो निर्णय योग्यच होता. तिने उपचार आणि विश्रांती घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली.

अशा वेळी क्रीडा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. तो जवळपास नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक क्रीडा संकुलात, तालमीत आणि शाळेच्या क्रीडा कक्षात, प्राथमिक उपचारांच्या पेटीशेजारी लिहून लावावा. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या खेळाडूला प्रशिक्षक त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवतात. मनाने मोडलेल्या खेळाडूलाही त्यांनी तितक्याच तातडीने पाठवले पाहिजे.